तिसऱ्या मजल्यावरची साथ

"अहो, तुमच्या गिटारचे कॉर्ड किती? तीन!" होकारेंची बायको म्हणाली. "डॉक्टरांच्या कीबोर्डात ढोल आहे, बासरी आहे, आणि एक बटण दाबलं की पाऊससुद्धा पडतो."

आता पावसापुढे माणूस काय बोलणार? होकारे "हो" म्हणाले.

होकारे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण विमा कंपनीच्या दावे विभागात इतकी वर्षं काढल्यावर ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. साहेबांनी काही विचारलं की यांच्या तोंडून आधी "हो" बाहेर पडायचं आणि प्रश्न मागाहून कानात शिरायचा. "हा दावा फेटाळायचा ना?" हो. "का मंजूर करू या?" हो. ऑफिसने नाव ठेवलं होकारे. ते नाव ऑफिसातून सोसायटीत कसं पोचलं याचा तपास कधी लागला नाही. बायकोनेच पोचवलं असणार असा होकारेंना दाट संशय होता, पण तसं विचारायची सोय नव्हती.

तर मुद्दा गाण्याचा. सोसायटीच्या वार्षिक मेळाव्यात दरवर्षी बायको तिच्या आईने रचलेली एक अंगाई म्हणायची आणि होकारे गिटारवर साथ करायचे. साथ म्हणजे काय, तर गाणारीच्या मागे बसायचं, तिने श्वास घेतला की आपण थांबायचं, ती चुकली की आपण चुकायचं आणि टाळ्या पडल्या की मान खाली घालून गिटारकडे बघायचं. हे काम होकारे बिनतक्रार करत आले होते. आणि यंदा बायकोने ठरवलं, की साथीला तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर. ठरवलं कधी, तर सरावाच्या चार बैठका उरकल्यावर. नवऱ्याला सांगितलं कधी, तर भाजी निवडता निवडता. दावा फेटाळतानासुद्धा कंपनी आधी एक पत्र पाठवते हो!

होकारेंना ते लागलं. चांगलंच लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं, की आता गाणंही आपणच वाजवायचं आणि साथही आपणच करायची. त्याच गिटारवर, एकाच वेळी. बायकोने मेळाव्यात समोर बसून अख्खी अंगाई आपल्या एकट्याच्या हातून ऐकायची आणि एवढंच म्हणायचं, "मला कळलंच नव्हतं हो." बाकी काही नको. टाळ्यासुद्धा नकोत. फक्त ते एक वाक्य हवं होतं.

हॉटेलच्या बँडमधून निवृत्त झालेला एक गिटारवाला लाँड्रीच्या मागच्या खोलीत शिकवायचा. त्याला सगळे बँडवाला म्हणत. स्वभावाने तो इस्त्रीपेक्षा तापट होता.

"बारीक तार कुठली?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"खालची."

"तिला वरची म्हणायचं."

"पण आहे खाली."

"सूर वरचा आहे ना तिचा? तुमचा साहेब कुठे बसतो ऑफिसात?"

"तळमजल्यावर. त्यांचे गुडघे दुखतात."

"म्हणून काय तो तुमच्या खालचा झाला?"

होकारेंना वरची तार आयुष्यात पहिल्यांदा समजली. बँडवाल्याचं म्हणणं असं, की चाल वरच्या तारांवर ठेवायची आणि कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, तिच्या पोटात. आधी नुसती चाल वाजवायची, एकेक सूर, अगदी स्वच्छ. मग जिथे ठेका पडतो तिथेच कॉर्ड घालायचा, आणि तोही अख्खा नको. अंगठ्याने एक जाड तार छेडली आणि वर चालीचा सूर लावला, की नवशिक्याचं भागलं.

होकारेंनी काय करावं? प्रत्येक सुराखाली पुरा कॉर्ड घातला. इतक्या वर्षांची साथीची सवय, हात राहतो होय गप्प! सहा तारा खडाखडा वाजायच्या आणि त्यात चाल कुठे बुडाली ते कळायचंही नाही.

"अहो, दावा मंजूर करताय का गाणं वाजवताय?" बँडवाला ओरडला. "प्रत्येक सुरावर शिक्का कशाला मारता? आणि चालीचा सूर दुसऱ्या तारेवर असला तर पहिलीला, त्या बारीक तारेला, हातसुद्धा लावायचा नाही. कान सगळ्यात वरचा सूर ऐकतो. पहिली वाजली की लोकांना तीच चाल वाटणार. खरी चाल गेली खड्ड्यात."

हे तर होकारेंना शिकवायलाच नको होतं. ऑफिसात टिपण त्यांनी लिहायचं आणि वर सही साहेबांची. दरवर्षी बक्षीस सहीला मिळायचं.

सर्वांत जास्त हाल करंगळीचे झाले. तीन बोटांनी कॉर्ड धरून ठेवायचा आणि करंगळीने पलीकडे जाऊन वरच्या तारेवर चाल दाबायची. होकारेंच्या करंगळीने उभ्या आयुष्यात कान साफ करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ती तारेवर जायची, थरथरायची आणि परत यायची. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या. यावर जिन्यात सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मिठाच्या पाण्यात बोटं बुडवा. त्यांचे यजमान म्हणाले, मिठाने तर आणखी चिरतात, मेण लावा. खुद्द दाताच्या डॉक्टरांनी जिन्यात हात धरून करंगळी पाहिली आणि "या वयात नवीन काही वळत नाही हो, हाड पक्कं झालेलं असतं," असं हसत हसत सांगितलं. बायको शेजारीच उभी होती. तीही हसली.

डॉक्टरांचं ते हसणं होकारेंनी मनात जपून ठेवलं. रोज संध्याकाळी बायको सरावाला दवाखान्यात गेली, की ते दार लावून बसायचे. खालून कीबोर्डचा पाऊस पडायचा आणि वर यांची करंगळी घसरायची.

आणि अचानक एका संध्याकाळी ती घसरली नाही. अंगाईची पहिली ओळ आली. खाली अंगठ्याचा ठोका, मध्ये दोन सूर, आणि वर चाल, अगदी वेगळी, स्पष्ट. होकारेंनी गिटार बाजूला ठेवली आणि उगाचच खोलीत फेऱ्या मारल्या. सांगायला घरात कोणी नव्हतं.

लगेच तक्रार आली. करणाऱ्याचं नाव गुप्त होतं, म्हणजे काकूंची होती. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. हे गृहस्थ तार ऑफिसात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. तिथे शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे फालतू शब्द दिसला की यांचा हात शिवशिवायचा. तार ऑफिस बंद पडलं पण ही खोड काही सुटली नाही. सगळे त्यांना तारमास्तर म्हणायचे.

"अर्ज द्या. मंजूर करतो. फलकावर लावतो," तारमास्तर म्हणाले. बोलतानासुद्धा पैसे वाचवायचे.

होकारेंनी अर्ज दिला. दावे विभागाचा माणूस, तो अर्ज लिहिणार तर साग्रसंगीतच. 'सविनय निवेदन की, तिसऱ्या मजल्यावरील माझ्या राहत्या जागेत मी गिटार या वाद्यावर चाल आणि साथ एकत्र वाजवण्याचा प्राथमिक सराव सुरू केला असून, संध्याकाळच्या सुमारास त्याचा जोर काहीसा वाढण्याची शक्यता आहे, तरी सभासदांनी गैरसमज करून न घेता सहकार्य करावे.' वाचून त्यांचं त्यांनाच समाधान वाटलं.

तारमास्तरांनी पेन काढलं आणि गाळणी लावली. दुसऱ्या दिवशी फलकावर मजकूर झळकला:

'तिसरा मजला साथ सुरू. संध्याकाळी जोर वाढेल. सहकार्य करावे. घाबरू नये.'

'घाबरू नये' हे तारमास्तरांनी पदरचं घातलं होतं. आयुष्यात त्यांनी जास्तीचे शब्द टाकले ते एवढेच, आणि सगळा घात त्यांनीच केला. घाबरू नये म्हटल्यावर कोण घाबरत नाही? काकूंनी तोंडाला पदर लावून आरोग्य खात्याला फोन केला.

त्या दिवशी होकारे सुट्टी घेऊन दुसरी ओळ बसवत होते. बायको नोकरीवर गेली होती. दारात आरोग्य निरीक्षक उभे, नाकावर रुमाल, मागे धूर सोडायचं मशीन घेऊन एक माणूस.

"साथ इथेच आहे का?" निरीक्षकांनी लांबूनच विचारलं.

होकारेंना वाटलं, सरकारी माणूस, आवाज मोजायला आला असेल. "हो. पण अगदी सुरुवातीची आहे."

"कधीपासून?"

"तशी म्हणाल तर लग्नापासून."

निरीक्षकांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "घरात आणखी कोणाला?"

"आता मीच एकटा. आधी बायकोला माझी असायची. आता ती तळमजल्यावरच्या डॉक्टरांची घेते."

"डॉक्टरांकडेही आहे?"

आता इथे थांबायला हवं होतं. दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण करंगळी ठणकत होती आणि ते जिन्यातलं हसणं आठवत होतं. "त्यांची? अहो, त्यांच्यापुढे माझी काहीच नाही!" होकारे म्हणाले. "माझी खोलीबाहेरही जात नाही. त्यांची सगळ्या जिन्यात पसरते."

"आणि तशातच पेशंट तपासतात?"

"शेवटचा पेशंट उठला की लगेच सुरू. हातसुद्धा धूत नाहीत."

निरीक्षक पळतच खाली गेले. दवाखान्याला कुलूप लागलं, वर लाख लागली. कीबोर्ड आत राहिला, ढोल, बासरी आणि पावसासकट. तिसऱ्या मजल्यावर धूर सोडला तो इतका, की नंतर कितीतरी दिवस गिटार हलवली की तिच्या पोटातून वास यायचा. ऑफिसात ही बातमी होकारेंच्या आधी पोचली आणि साहेबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "तुम्हाला घरी बसायला हरकत नाही ना?" साहेबांनी विचारलं. "हो," होकारे म्हणाले. याचा अर्थ हरकत आहे की नाही, हे नंतर रजा कापताना साहेबांनीच ठरवलं.

खुलासा करायला ते आरोग्य खात्यात गेले नाहीत असं नाही. गेले. निरीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, साथ म्हणजे गिटार हेही त्यांना पटलं.

"चूक झाली खरी," ते म्हणाले. "पण साथीची नोंद झालीय. आमच्याकडे 'साथ सुरू' आणि 'साथ संपली' एवढंच असतं. साथ नव्हतीच, असं नसतं. नमुन्यांचा अहवाल आला की संपवू."

"पण मेळावा तोंडावर आला आहे हो."

"मेळावा करा की. अंतर ठेवून बसा."

घरी बायको वाट बघत होती. डॉक्टर तिला फाटकात भेटले होते आणि कोणी कोणाला काय सांगितलं ते तिला सगळं कळलं होतं. हात न धुण्यापर्यंत.

"ही तुमची चाल होती ना?" तिने विचारलं.

होकारेंचा चेहरा उजळला. काय सांगावं या माणसाला! त्यांना वाटलं, हिने बंद दारातून ऐकलं, आईची अंगाई ओळखली. "हो!" ते म्हणाले. "ओळखलीस तू?"

"न ओळखायला काय झालं? एवढी वर्षं संसार केलाय तुमच्याशी."

"उन्हाळाभर बसवत होतो. रोज थोडी थोडी. तू खाली गेलीस की."

"उन्हाळाभर?" बायको खाली बसली. "मी रोज खाली जात होते आणि तुम्ही वर बसून हे..."

"मेळाव्यात तुला चकित करणार होतो."

"झाले मी चकित," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

होकारेंच्या डोक्यात प्रकाश पडला तोवर आतून कडी लागली होती. त्यांनी दाराबाहेरून समजावलं, की अगं चाल म्हणजे ती चाल नव्हे, गाण्याची चाल. गिटार आणून दारापाशी वाजवून दाखवावी असंही मनात आलं, पण तेवढ्यात करंगळी कच खायची म्हणून त्यांनी ते मेळाव्यावर ढकललं. तिथे ऐकेल की कळेलच तिला, असा हिशेब. तोवर घरात बोलणं फक्त गॅस आणि किल्ली या विषयांवर चाललं.

मेळावा इमारतीमागच्या मोकळ्या जागेत होता. खुर्च्या होत्या, पण होकारे स्टेजच्या बाजूला जाऊन बसले तशा पुढच्या दोन रांगा हळूहळू मागे सरकल्या. पहिल्या रांगेत उरली एकटी बायको. तिला काही व्हायचं असेल तर ते आधीच झालेलं असणार, असा लोकांचा विचार. शेवटच्या रांगेत डॉक्टर हाताची घडी घालून बसले होते.

तारमास्तरांनी दरवर्षीसारखं जाहीर केलं, "होकारे. वहिनी. अंगाई."

बायको उठली नाही. होकारे एकटेच गेले, स्टुलावर बसले आणि वाजवायला लागले.

आणि खरं सांगायचं तर चांगलं वाजवलं. म्हणजे बँडवाल्याने नाक मुरडलं असतं, पण चांगलं वाजवलं. कुठे शिक्का मारला नाही. ठेक्यावर अंगठा पडत होता, जिथे कॉर्ड नको तिथे हात गप्प राहत होता, आणि वर अंगाई चालली होती, सावकाश, एकेक सूर. बायको जिथे श्वास घ्यायची तिथे तेही सवयीने थांबले. शेवटच्या ओळीत करंगळी टोकाच्या सुरावर गेली आणि तिथेच टेकून राहिली. होकारेंनी वर पाहिलं.

कोणी टाळी वाजवली नाही. लोक वाट बघत होते.

"छान," तारमास्तर म्हणाले. "गिटार लागली. आता गाणं सुरू करा."

मागून काकूंनीही दुजोरा दिला. "हो हो, किती वेळ सूर जुळवायचे? वहिनींना बोलवा की!"

सगळी सोसायटी बायकोकडे बघायला लागली. ती उठली. तिचे डोळे ओले होते हे होकारेंना तेवढ्या अंतरावरूनही दिसलं. आता ती ते वाक्य म्हणणार. ती वर आली, त्यांच्याजवळ वाकली आणि लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"म्हणजे माझ्यावाचून होतं तुमचं?"

"हो," होकारे म्हणाले.

ते नेहमीचंच 'हो' होतं. प्रश्न कानात शिरायच्या आधीचं. प्रश्न मागाहून शिरला, आणि मग त्यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. की होतं, पण बरं वाटत नाही. की प्रत्येक ओळीला तुझ्या श्वासाची जागा ठेवली आहे, तू ऐकली नाहीस का? की हे सगळं तू बघावंस म्हणून केलं, तुझ्यावाचून व्हावं म्हणून नाही. यातला एकही शब्द वेळेवर तोंडातून निघाला नाही.

बायकोने माईक हातात घेतला.

"गिटार लावत नव्हते ते," ती म्हणाली. "गाणंच होतं. माझ्या आईची अंगाई. पूर्ण वाजवली त्यांनी, चालही आणि साथही. त्यात मी म्हणायचं असं काही उरलेलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. होकारेंच्या नावाने वाजलेल्या या पहिल्या टाळ्या. मान खाली घालून गिटारकडे बघायची सवय, ते गिटारकडेच बघत राहिले. पुन्हा वर पाहिलं तेव्हा पहिली रांगही रिकामी होती.

त्यानंतर भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी बोलून घेता आलं असतं. बायको सगळं वेळच्या वेळी करत होती, हवं नको विचारत होती. फक्त भांडी घासताना ती अंगाई गुणगुणायची, ते बंद झालं. होकारेंनी एकदा धीर करून गिटार काढली आणि नुसतेच तीन कॉर्ड वाजवत बसले, जुने, चाल काढून टाकून, मागे बसल्यासारखे. ती येईल, पहिली ओळ तरी धरेल, असं त्यांना वाटलं. ती आली आणि पंखा बंद करून गेली.

मग एका सकाळी आरोग्य खात्याचा लिफाफा आला. सविस्तर, दोन पानी, अहवाल आणि संदर्भांसकट. दवाखान्याचं कुलूप निघालं. तारमास्तरांनी त्या पत्राला गाळणी लावली आणि फलकावर मजकूर चढवला. संध्याकाळी होकारे तो वाचत उभे राहिले:

'तिसरा मजला साथ संपली.'

या वेळी 'घाबरू नये' नव्हतं.

बायको फाटकातून आली. हातात भाजीची जड पिशवी. तीही फलकापाशी थांबली, तिने वाचलं.

"तारमास्तरांचं एक बरं असतं," ती म्हणाली. "एक शब्द जास्तीचा नसतो."

ती जिन्याकडे वळली. होकारे घाईघाईने मागे गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आण ती पिशवी इकडे."

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्यावाचून होतं माझंही."